पडत्या संघाचे पाठीराखे

‘पाठीराखा’ हा आपल्या भाषेतील मोठा अर्थगर्भ शब्द आहे. संकटसमयी जो पाठीशी उभा राहतो तो पाठीराखा. स्तोत्रकर्त्याने परमेश्वराकडे पाहिले ते ह्याच नात्याने. हल्ली हा शब्द वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर अधिक आढळतो, आणि तेथे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला आहे. परमेश्वर पाठीराखा असतो तेव्हा सर्वसमर्थ दुर्बळाच्या पाठीशी असतो. खेळाच्या मैदानावरील पाठीराखा मात्र स्वतःच असमर्थ असतो. चेंडू त्याच्या पायाशी नसतो, शिट्टी त्याच्या हाती नसते. त्याने कितीही टाहो फोडला तरी गोल होत नाही. तरीही तो उभा असतो, आणि हरलेल्या खेळाडूहूनही कित्येकदा अधिक दुःखी होतो.

ज्याच्यावर आपली काडीचीही सत्ता चालत नाही अशा गोष्टीसाठी एवढे दुःख करावे काय? ते ख्रिस्ती माणसाला शोभते काय? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मात्र त्याच्या मुळाशी गेल्यास तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचतो.

आपल्याकडील वाचकाला ह्या दुःखाची जात प्रथम समजावून घ्यावी लागेल. आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढील वर्षी त्याच स्पर्धेत पुन्हा खेळतो. फुटबॉलचे तसे नाही. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत 20 संघ असतात. प्रत्येकाचे 38 सामने झाले की तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. ह्या घसरणीला ‘रेलिगेशन’ म्हणतात. घसरणीबरोबर दूरचित्रवाणीचे उत्पन्न आटते, उत्तम खेळाडू विकले जातात आणि मैदानाची देखभाल करणाऱ्यांच्या वा कार्यालयातील कारकुनांच्या नोकऱ्या धोक्यात येतात. म्हणून अग्रस्थानी असलेल्या संघाच्या चाहत्याला चषकाची हुरहुर असते, तर तळाच्या संघाच्या चाहत्याला अस्तित्वाची धास्ती असते. मार्च-एप्रिल उजाडला की त्याचे गणित सुरू होते. आपण किती गुण मिळवू, शेजारचा संघ किती गमावील? शनिवारी रात्री दूरचित्रवाणीसमोर जागणाऱ्या आपल्या तरुणांना हे गणित चांगले ठाऊक आहे.

‘शेवटी तो एक खेळच’ असे म्हणून हसण्याचा मोह होतो. परंतु शरीर ते मानत नाही. 2006 साली जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली. म्युनिक परिसरातील डॉक्टरांनी नोंदी तपासल्या तेव्हा आढळले, की जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना 2.66 पट झाल्या होत्या. ह्याहून गंभीर गोष्ट इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिली. 2002, 2006 आणि 2010 ह्या तीन विश्वचषकांच्या काळातील लँकेशायर पोलिसांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. इंग्लंड हरले त्या दिवशी घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी 38 टक्क्यांनी वाढल्या होत्या. जिंकले किंवा बरोबरीत राहिले त्या दिवशीही 26 टक्क्यांनी. ज्या गृहिणीने सामन्याचा एक क्षणही पाहिला नसेल, तिने त्या पराभवाची किंमत मोजली. दुःखाचा नैतिक विचार येथूनच सुरू होतो. दुःख होणे हे पाप नव्हे. त्या दुःखाचे बिल आपण कोणाच्या माथी मारतो, हा खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा विचार करताना अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथील एका संघाचे चरित्र मला फार उद्बोधक वाटते. लोरेन्सो मासा हे सालेशियन संस्थेचे एक तरुण धर्मगुरू होते. आल्माग्रो वस्तीतील मुले रस्त्यावर चेंडू खेळत. एकदा एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला. तेव्हा फादर मासांनी चर्चच्या आवारातील अंगण मुलांना खेळायला मोकळे करून दिले. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. 1 एप्रिल 1908 रोजी त्या मुलांचा रीतसर क्लब स्थापन झाला. मुलांना क्लबला फादरांचेच नाव द्यायचे होते. त्यांनी ते स्वतःसाठी नाकारले. रक्तसाक्षी संत लॉरेन्स ह्यांचे आणि देशाच्या इतिहासातील सान लोरेन्सोच्या लढाईचे स्मरण म्हणून ते नाव ठेवावयाचे, असे ठरले. संघाचा निळा-तांबडा पोशाख पवित्र मरियेच्या वस्त्रांच्या रंगांवरून घेतला, असे सांगतात.

हा ‘सान लोरेन्सो’ पुढे देशातील पाच मोठ्या संघांत गणला जाऊ लागला. 1946 साली तो विजेता झाला, तेव्हा गॅलरीत बसून टाळ्या पिटणाऱ्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव होर्गे बेर्गोलिओ. तोच पुढे पोप फ्रान्सिस झाला.

मग उतरती कळा लागली. 1979 साली, लष्करी राजवटीत, कर्जबाजारी क्लबला बोएदो वस्तीतील आपले जुने मैदान गमवावे लागले. कालांतराने त्या जागी सुपरमार्केट उभे राहिले. बेघर झालेला संघ भाड्याच्या मैदानांवर खेळू लागला. 15 ऑगस्ट 1981 रोजी, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, हंगामाचा अखेरचा सामना आर्जेंटिनोस ज्युनियर्स ह्या संघाशी होता. सान लोरेन्सोला नुसती बरोबरी पुरेशी होती. त्यांना पेनल्टी मिळाली, ती वाया गेली. नंतर प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाली, तिचा गोल झाला. एका गोलाने सामना गेला आणि एका गुणाने श्रेणी गेली. पाच मोठ्या संघांपैकी खाली घसरलेला हा पहिलाच संघ.

आता चाहते पांगतील, अशीच कोणाचीही अटकळ झाली असती. घडले उलटेच. 1982 साली दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या ह्या संघाच्या मागे एवढी माणसे लोटली, की पहिल्या श्रेणीतील कित्येक संघांना तेवढी गर्दी दिसली नाही. मैदान नाही, मान नाही, चषकाची आशा नाही. पण माणसे आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीत प्रथम येऊन संघ परत वर चढला.

ह्याच शहरातील दुसरे चित्रही पाहिले पाहिजे. 1901 साली स्थापन झालेला रिव्हर प्लेट हा अर्जेंटिनातील अत्यंत यशस्वी संघ. 110 वर्षांत तो कधीही खाली गेला नव्हता. 26 जून 2011 रोजी कोर्दोबाच्या बेलग्रानो संघाशी त्याची बरोबरी झाली. आधीचा सामना तो हरलेला असल्याने घसरण अटळ ठरली. सामना संपण्यापूर्वीच मैदानात वस्तू फेकल्या जाऊ लागल्या आणि खेळ थांबवावा लागला. स्वतःच्याच मैदानाची नासधूस झाली, पोलिसांशी चकमकी झाल्या, अनेक जण जखमी झाले. वर्षभरातच रिव्हर प्लेट विजेता होऊन परतला. मोडलेल्या खुर्च्यांनी त्यात काही हातभार लावला नाही.

येथे एका संघाचे चाहते संत आणि दुसऱ्याचे दुष्ट, असा न्यायनिवाडा करावयाचा नाही. हाणामारीचे प्रसंग सान लोरेन्सोच्या चाहत्यांकडूनही घडले आहेत, आणि रिव्हर प्लेटचे हजारो चाहते त्या संध्याकाळी निमूटपणे डोळे पुसत घरी गेले असतील. भेद आहे तो प्रेमाच्या दोन प्रकारांत. ‘हा संघ माझा आहे, म्हणून त्याने मला मान मिळवून दिला पाहिजे’, हा एक प्रकार. ‘मी ह्या संघाचा आहे, म्हणून त्याच्या अपमानात माझा वाटा आहे’, हा दुसरा. पहिल्या प्रेमात मालकी आहे; मालाने दगा दिला की मालक तो फोडतो. दुसऱ्या प्रेमात नाते आहे. संत अगस्तीन ह्यांनी सद्गुणाची ओळखच मुळी प्रेमाची योग्य क्रमवारी अशी करून दिली. खेळावर प्रेम करू नये असे त्यातून निष्पन्न होत नाही. खेळाने पत्नी, मुले, शेजारी आणि परमेश्वर ह्यांच्या पुढची जागा घेऊ नये, एवढेच निष्पन्न होते.

मग आपल्या संघासाठी प्रार्थना करावी काय? काही जण मेणबत्ती लावतात, काही नवस बोलतात. परंतु साखळीच्या तळाशी एक कठोर नियम असतो. मी वाचलो तर दुसरा कोणीतरी बुडतो. 1981 च्या त्या दिवशी आर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या घरांतही मेणबत्त्या लागल्या असतील. डिएगो मॅराडोना ज्या संघात घडला तो हा संघ त्या दिवशी वाचला. 1984 व 1985 साली तो देशात विजेता ठरला आणि 1985 सालीच दक्षिण अमेरिकेतील सर्वोच्च ‘लिबर्तादोरेस’ चषकही त्याने जिंकला. त्यांच्या मुलांचा हा आनंद हिरावून घेण्याची विनंती आपण स्वर्गस्थ पित्याला कोणत्या तोंडाने करणार? म्हणून मला वाटते, निकालासाठी प्रार्थना करण्याऐवजी निकाल सोसण्याच्या बळासाठी प्रार्थना करावी. ती दोन्ही बाजूंच्या चाहत्यांना एकाच वेळी करता येते. कोणा एकाचे मागणे पुरवण्यासाठी दुसऱ्याचे नाकारावे लागत नाही.

हे बळ येते कोठून? संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थेऑलॉजिका’ ह्या बृहद्ग्रंथात दुःखावरील उपायांचा विचार केला आहे. सेमिनरीत तो भाग शिकताना प्रथम नवल वाटते, कारण ह्या थोर ईशज्ञानपंडिताने पाच उपाय सांगितले आहेत ते असे : एखादा आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि पाचवा, झोप व स्नान! माणूस हा देह आणि आत्मा मिळून एक आहे, हे ते कधी विसरत नाहीत. कोंडून ठेवलेले दुःख आत अधिक जाळते, बाहेर वाट मिळाली की हलके होते. म्हणून पुरुषाने रडणे हा कमीपणा नव्हे. मित्र दुःखात सामील झाला की जणू ओझ्याला दुसरा खांदा लागतो. तेराव्या शतकातील हा सल्ला आजच्या चाहत्यालाही तंतोतंत लागू पडतो. हरलेल्या रात्री दारूच्या गुत्त्याकडे वळण्याऐवजी मित्राबरोबर चार पावले चालावे, गार पाण्याने अंघोळ करावी आणि झोपी जावे. घरी कोणावर हात उगारण्याची वेळच त्यामुळे टळेल. एम्माउसच्या वाटेवरील दोन शिष्यही आपल्या भग्न आशेविषयी बोलत चालले होते; त्या चालण्यातच प्रभू त्यांच्या सोबतीला आला.

अक्वायनस आशेचीही चिकित्सा करतात. जे चांगले आहे, भावी आहे, दुष्कर आहे आणि तरीही शक्य आहे, त्याचीच आशा धरता येते. सहज मिळणाऱ्या गोष्टीची आशा धरावी लागत नाही; अशक्याची धरता येत नाही. तळाच्या संघाचा चाहता ह्या दोन टोकांच्या मधल्या अरुंद बांधावरून चालत असतो. एका बाजूला अवाजवी भरवसा, दुसऱ्या बाजूला निराशा. चार सामने उरले असताना ‘आता संपलेच’ म्हणणे हा शहाणपणा वाटतो, पण कित्येकदा तो दुःख टाळण्याचा भित्रा मार्ग असतो. आशा धरणाऱ्याला दुखावण्याची तयारी ठेवावी लागते.

पोप फ्रान्सिस ह्यांच्या चरित्रात ह्या प्रेमाचे एक संयमी रूप दिसते. ते सान लोरेन्सोचे नोंदणीकृत सभासद होते. 15 जुलै 1990 रोजी त्यांनी कार्मेल पर्वताच्या मातेला दूरचित्रवाणी न पाहण्याचे वचन दिले. त्यामुळे आपल्या लाडक्या संघाचे सामनेही त्यांनी पाहिले नाहीत. व्हॅटिकनमधील एक स्विस गार्ड त्यांना दर आठवड्याला निकाल कळवीत असे. 2012 साली संघ पुन्हा घसरणीच्या कड्यावर पोहोचला आणि पात्रता-सामने खेळून वाचला. दोनच वर्षांनी, 2014 साली, त्याने प्रथमच लिबर्तादोरेस चषक जिंकला आणि क्लबच्या मंडळींनी तो चषक व्हॅटिकनला नेऊन पोपमहोदयांना दाखवला. 21 एप्रिल 2025 रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले तेव्हा क्लबनेही आपला एक सभासद गमावला. ज्याला आपण पाहू शकत नाही, ज्याला आपण मदत करू शकत नाही, त्याच्यावरही निष्ठा ठेवता येते; आणि तिने आपली मनःशांती वा कर्तव्य बिघडण्याचे कारण नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे आता वळू या. जेथे आपले काही चालत नाही तेथे उभे राहण्यात काय अर्थ? कालवरी टेकडीवर मरियामाता क्रुसापाशी उभी होती. तिने खिळे उपटले नाहीत, शिपायांना अडवले नाही. ती उभी राहिली. एका खेळाची तुलना त्या दुःखाशी कोणी करू नये. परंतु प्रेमाचे मोल त्याच्या परिणामावर ठरत नाही, हे तेथे कायमचे सिद्ध झाले.

आपल्या धर्मग्रामातही घसरणीला लागलेली माणसे आहेत. दहावीला दुसऱ्यांदा नापास झालेला मुलगा, धंदा बुडालेला शेजारी, औषधांना दाद न देणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळलेली आजी. त्यांच्यासाठी आपल्याला फारसे काही करता येत नाही. म्हणून आपण त्यांच्या घरी जायचे टाळतो, ‘जाऊन बोलायचे काय?’ असे म्हणतो. 1982 साली ब्युनोस आयर्समधील ते हजारो लोक दुसऱ्या श्रेणीचा सामना पाहण्यास गेले, तेव्हा त्यांच्यापाशीही संघाला देण्याजोगे हजेरीवाचून काही नव्हते. ते गेले. पुढच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर अशा एखाद्या घराची पायरी आपणही चढावी.