दिसलं नाही, म्हणजे नाही?

मी काय काम करतो हे सांगितलं की आपल्या मंडळातली मुलं खुदकन हसतात. गॅसच्या पाइपलाइनमधून ‘पिग’ कसा पळेल, याचं गणित मी मांडतो. पिग म्हणजे डुक्कर नव्हे. नळीत घट्ट बसणाऱ्या पॉलियुरेथेनच्या चकत्या लावलेलं ते एक लांबट तपासणी-यंत्र असतं. त्याला इंजिन नाही, चालक नाही. मागून येणारा गॅसच त्याला पुढे ढकलतो. त्याच्या अंगावरची चुंबकं नळीची पोलादी भिंत चुंबकीय करतात. जिथे ती गंजून पातळ झाली असेल तिथे चुंबकीय क्षेत्र बाहेर झिरपतं आणि सेन्सर ते टिपतात. जमिनीखालच्या नळीची ही एन्डोस्कोपीच म्हणा ना!

या कामाने मला एका जुन्या प्रश्नाशी आणून सोडलं. एखादी गोष्ट दिसली नाही, तर ‘ती नाहीच’ असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा मिळतो?

आधी थोडं गणित. घाबरू नका, शाळेतल्या न्यूटनचंच आहे. पिगच्या मागचा दाब जास्त, पुढचा कमी. या फरकाने तो ढकलला जातो. त्यातून भिंतीशी होणारं घर्षण आणि चढावरचं वजन वजा केलं की उरलेल्या बळाने त्याचा वेग वाढतो. तेलाच्या नळीत हे बरंच सरळ असतं, कारण तेल फारसं दाबलं जात नाही. गॅस मात्र स्प्रिंगसारखा दाबला जातो. नळी आतून जरा अरुंद झाली की पिग अडतो. मागे गॅस साठत जातो, दाब चढतो आणि एका क्षणी पिग उसळून सुटतो. एकदा हलल्यावर घर्षणही कमी होतं. एरवी सेकंदाला एक ते पाच मीटर वेगाने जावं असं यंत्र अशा उसळीत दहा मीटरच्या वर जातं. त्या वेगात भिंत नीट चुंबकीय होत नाही. नोंद चालूच असते, पण तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

यातली विसंगती बघा. रस्त्याखाली किंवा वस्तीजवळ सुरक्षिततेसाठी जाड भिंतीची नळी घालतात. जाड भिंत म्हणजे आतली जागा कमी. म्हणजे पिग अडून उसळण्याची शक्यता नेमकी माणसांच्या आसपास! म्हणून आम्ही आधी गणित करतो, प्रवाह किती ठेवावा, पिगच्या पोटातून थोडा गॅस पुढे जाऊ देणारं भोक किती मोठं असावं हे ठरवतो. फेरीनंतर पिगच्या चाकांनी मोजलेला वेग गणिताशी ताडून पाहतो.

मग अहवाल लिहायची वेळ येते. ‘दोष आढळला नाही’ आणि ‘पाहता आलं नाही’ ही दोन वाक्यं नकाशावर सारखीच दिसतात. दोन्हीकडे जागा कोरी!

आपल्या पूर्वसूरींनी यावर खूप खल केला आहे. कुमारिल भट्टांची मीमांसा आणि अद्वैत वेदान्त ‘अनुपलब्धि’ हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला कसं कळतं? तो दिसत नाही यावरूनच. पण त्याला एक अट आहे: ती अनुपलब्धि ‘योग्य’ हवी. घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून घड्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. नैयायिक हे वेगळं प्रमाण मानत नाहीत, पण ही अट त्यांनाही मान्य आहे. माझं सारं गणित म्हणजे या एका ‘योग्य’ शब्दाची तपासणी!

काही वर्षांपूर्वी एका कामात दोन-तीनशे मीटरचा पट्टा असाच वेगात निघून गेला. समोरच्या कंपनीतले एक वरिष्ठ म्हणाले, अलीकडची-पलीकडची नळी निरोगी आहे, मधला भागही नकाशावर हिरवा दाखवा. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. फेरी पुन्हा करायची तर खर्च, शिवाय ऐन थंडीत घरोघरच्या हीटिंगला लागणारा प्रवाह कमी करायचा. मी म्हटलं, पट्टा करडा ठेवू आणि ‘पाहिलेलं नाही’ असं लिहू. मग खणायचं की सोडायचं ते तुम्ही ठरवा. शेवटी दोन जागी खणलं. नळी ठणठणीत निघाली. एक सहकारी हसत म्हणाला, ‘‘बघ, उगीच खणलं!’’

यावर मी पुष्कळ विचार केला. खणल्यावर जे कळलं ते ज्ञान. त्याआधी होता तो चांगला अंदाज. अंदाजावर जग चालतं, त्यात गैर काही नाही. पण अंदाजाला पाहिल्याचा शिक्का मारला, तर फसवणूक कुणाची होते? त्या नळीशेजारी राहणाऱ्या कुटुंबाची, जे आमच्या बैठकीत नव्हतं. धोका ज्याच्या दारात आहे, त्याला आपण कुठे पाहिलं नाही हे कळण्याचा हक्क आहे.

कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनो गावात ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी १९५६ साली घातलेली गॅसची नळी फुटली. ८ माणसं गेली, ३८ घरं जळून नष्ट झाली. नळीला उभा सांधाच नाही, असं कागदोपत्री नोंदलेलं होतं. प्रत्यक्षात सांधा होता, आणि त्याचं वेल्डिंग सदोष होतं. पिग जाऊ शकेल अशी ती नळीही नव्हती. कोऱ्या जागेपेक्षा आत्मविश्वासाने भरलेली जागा जास्त घातक ठरते, ती अशी.

आपण परदेशी राहणारी माणसं हे रोज करतो. भारतातला भाऊ म्हणतो, ‘‘आई अलीकडे थकली आहे रे.’’ आपण पटकन म्हणतो, ‘‘छे, काल तर व्हिडिओ कॉलवर किती छान बोलली!’’ तिचा हसरा चेहरा आपल्याला खरोखर दिसलेला असतो. जिना चढताना तिने धरलेला कठडा त्या चौकटीत येतच नाही. तेव्हा ‘‘मला इथून एवढंच दिसतं, तू जवळून काय पाहतोस ते सांग,’’ असं आपण म्हटलं, तर भावाचं निम्मं ओझं हलकं होईल. आणि आईचं तिकीट काढायचं की आपलं, याचा निर्णयही अधिक शहाणपणाने घेता येईल.