वाचलेल्याचे कण्हणे

गेल्या वर्षीच्या वसुबारसेची गोष्ट. आमच्या अंगणात दिवाळीचे चारही दिवस रांगोळी घालायला एक बाई येतात. घरोघर पोळ्या करून देणे हा त्यांचा बारमाही उद्योग. रांगोळी मात्र केवळ आमच्यावरील लोभापोटी. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. पुढे लिहितो आहे ते त्यांच्या संमतीनेच, पण नाव गाळण्याच्या अटीवर.

त्या दिवशी ताई ठिपके काढायला खाली बसल्या त्या उठेनात. एक हात फरशीवर, दुसरा तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर, आणि चेहऱ्यावर अशी कळ की पाहणाऱ्याने डोळे मिटावेत. "खुबा धरतो हो अण्णा. सहा महिने झाले," त्या म्हणाल्या. मी हात दिला आणि धीर द्यावा म्हणून बोलून गेलो, "अहो ताई, ज्या दुखण्यातून तुम्ही वाचलात त्यापुढे या खुब्याचे काय घेऊन बसलात!"

त्या हसल्या. "खरं आहे तुमचं," एवढेच म्हणाल्या. पण रात्री पणत्या विझल्या तरी ते हसणे माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी त्यांना धीर दिला होता, की त्यांचे तोंड बंद केले होते?

ताईंना एचआयव्हीची लागण आहे. ती नवऱ्याकडून झाली. नवरा २००४ साली गेला. ताईंची औषधे २००७ साली सुरू झाली. आमच्या घरी हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांच्या हातच्या पोळ्या आम्ही एक दिवसही थांबवल्या नाहीत. अन्नातून हा विषाणू पसरत नाही, हे एव्हाना शाळेतल्या मुलालाही माहीत असायला हवे.

त्या काळाची आठवण तरुण वाचकांना नसेल. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातली पहिली लागण शोधून काढली. पुढची कितीतरी वर्षे या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचेच नाव होते. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याचा उपाय हाती आला, पण त्याचा खर्च वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरांत देऊ केली आणि जगभरची गणिते बदलली. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने ती मोफत द्यायला सुरुवात केली. ताईंसारखी माणसे जगली ती या साखळीमुळे. ज्यांना मरणाची तारीखच जणू सांगून टाकली होती, ती आज पन्नाशी-साठी ओलांडत आहेत.

आणि तिथेच हा नवा प्रश्न उभा राहतो. रोगाने मारले नाही. आता हाडे बोलू लागली आहेत.

हाड म्हणजे निर्जीव वासा नव्हे. जुन्या वाड्याच्या डागडुजीसारखे त्याचे काम अखंड चालू असते. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, काही नवे रचतात. दहा-एक वर्षांत सारा सांगाडा नवा झालेला असतो. पाडणारे गवंडी जोरात आणि बांधणारे मंद, असे झाले की वाडा आतून पोकळ होतो. एचआयव्ही शरीरात जी सततची धग ठेवतो, ती पाडणाऱ्यांना बळ देते. औषधे सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता शेकडा दोन ते सहा इतकी उतरते आणि मग बहुधा स्थिरावते. टेनोफोविर हे आजच्या उपचारातले मोलाचे औषध. पण काही जणांच्या मूत्रपिंडातून ते फॉस्फेट वाहू देते आणि त्याची झळ हाडांना लागते. त्यात आपल्याकडच्या गरिबीतले अपुरे दूध, लवकर गेलेली पाळी, तंबाखू आणि मशेरी यांची भर. २००६ साली अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हा या रुग्णांपैकी शेकडा ६७ जणांची हाडे विरळ झालेली आढळली आणि शेकडा १५ जणांची तर पार ठिसूळ.

खुब्याची गोष्ट आणखी वेगळी. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो त्या आटल्या, तर तो माथा हळूहळू मरतो आणि खचतो. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एचआयव्ही असलेल्या ३३९ जणांच्या खुब्यांचे एमआरआय काढले. त्यांतल्या एकाचीही दुखण्याची तक्रार नव्हती. तरी १५ जणांच्या खुब्यात ही मर सुरू झालेली होती. लागण नसलेल्या ११८ जणांत एकाच्याही नाही. म्हणजे ताईंचे 'धरणे' ही कुरकुर नव्हती. ती कदाचित वर्दी होती.

आता माझ्या त्या वाक्याकडे वळतो. त्याच्या बाजूने बोलायला काहीच नाही असे नव्हे. वाचलेल्याने वाचवणाऱ्याला दोष देऊ नये, ही आपली जुनी शिकवण आहे. शिवाय औषधाने हाडे झिजतात अशी हाकाटी झाली, तर उद्या कोणी घाबरून गोळ्याच सोडून देईल, ही भीती खोटी नाही. २००६ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पाच हजारांवर रुग्णांचे दोन गट केले होते: एक औषधे अखंड घेणारा, दुसरा मधून मधून थांबवणारा. अखंड घेणाऱ्यांच्या हाडांची झीज अधिक झाली, हे पुढे दिसले. पण थांबवणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले, म्हणून तो प्रयोगच बंद करावा लागला. हाडांसाठी प्राण देण्याचा सौदा कोणत्याही शहाण्या माणसाने करू नये. गोळी सोडायची नाही, हे ताईंना माझ्यापेक्षा चांगले कळते. सतरा वर्षांत त्यांनी एक दिवस चुकवलेला नव्हता.

परंतु गोळी सोडू नये आणि तोंड उघडू नये, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकच मानतो, आणि चूक तिथे होते.

१९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर शिरला. समजा, त्या पाण्यातून आपण एखाद्याला ओढून काढले. तो काठावर कुडकुडत म्हणतो, "थंडी वाजते." आपण त्याला सांगू का, की बाबा, जीव वाचला ना, मग थंडीचे कसले कौतुक? आपण घोंगडी शोधू. थंडी वाजते म्हणणारा माणूस कृतघ्न नसतो. तो जिवंत असतो. कृतज्ञता हे काही सावकाराचे कर्ज नव्हे, की फिटेपर्यंत कुळाने मान वर करू नये. ज्या दिवशी आपण एखाद्याचा जीव वाचवला, त्या दिवशी त्याच्या पुढच्या दुखण्यांशीही आपण नाते जोडले.

आणि खरे सांगायचे तर हे कृतज्ञतेचे प्रवचन आपण सर्वांना देत नाही. माझ्या एका मित्राच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तोही मरणाच्या दारातूनच परतला. नंतर त्याचा गुडघा दुखू लागला तेव्हा मी त्याला चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. 'वाचलास हे काय थोडे?' असे म्हटले नाही. मग ताईंनाच का म्हटले? या प्रश्नापाशी मी बराच वेळ अडखळलो. जे उत्तर सापडले ते सुखाचे नाही. मित्राचे आयुष्य मला त्याच्या हक्काचे वाटत होते आणि ताईंचे कोणीतरी मेहेरबानीने दिलेले. या रोगाला आपण मनात कुठेतरी अपराधाचे कलम लावलेले असते. मग त्या माणसाचे प्रत्येक वर्ष आपल्याला शिक्षेतली सूट वाटू लागते. सूट मिळालेल्याने अन्नाला चव नाही म्हणायचे नसते! मी स्वतःला उदार समजत होतो. माझी उदारता पोळ्यांपाशी संपत होती.

या गप्प बसवण्याची किंमत शरीराला मोजावी लागते. ताई हाडांच्या डॉक्टरकडे गेल्या असत्या तरी आपल्या गोळ्यांविषयी बोलल्या नसत्या. आणि ते न सांगणे धोक्याचे असते. या रोगावरच्या दुसऱ्या फळीच्या काही औषधांत रिटोनाविर असते; ते चालू असताना सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर ते स्टेरॉइड शरीरात साठत जाते आणि आधीच दुबळ्या हाडांचा घात करते. २०१७ साली आपल्याकडे कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे: या लागणीमुळे कोणाला उपचार नाकारता येत नाहीत, संमतीवाचून त्याचे गुपित फोडता येत नाही. परंतु कायदा दार उघडतो. आत जाण्याचा धीर भोवतालच्या माणसांनी द्यायचा असतो.

भाऊबीजेला ताई आल्या तेव्हा मी त्यांची क्षमा मागितली. त्या इतक्या संकोचल्या की मलाच अपराधी वाटले. मग मी ज्या प्रश्नाने आरंभ करायला हवा होता तो विचारला, "ताई, नक्की कुठे दुखतं?" त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि अर्धा तास सांगत राहिल्या. पुढे तपासण्या झाल्या. एका खुब्यातली मर अगदी आरंभीची निघाली. डॉक्टरांनी औषधांचा आढावा घेतला, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिले, खाली बसणे बंद केले आणि मशेरी सोडायला लावली. शस्त्रक्रिया पुढे लागेल किंवा लागणारही नाही.

यंदा ताई अंगणात खुर्चीवर बसून रांगोळी सांगणार आहेत आणि माझी नात ती घालणार आहे. काल दोघींनी सराव केला. ताईंची तक्रार अशी की पोरीचे ठिपके सरळ रेषेत पडत नाहीत, रंगांची निवड भडक आहे, आणि खुर्चीलाही उशी हवी. मी उशी आणून दिली. त्यांची तक्रार ऐकताना मला फार बरे वाटले.