प्रबंधाचा पहिला वाचक

माझी एक विद्यार्थिनी ऊसतोड मजुरांच्या उचलीवर, म्हणजे त्यांना मिळणाऱ्या आगाऊ रकमेवर, पीएच.डी. करत होती. कोर्सवर्क नुकतंच संपलं होतं, फिल्डवर्क सुरू व्हायचं होतं. छापील अहवालांवरून तिने एक सारणी तयार केली: हंगामाआधी मुकादम किती उचल देतो, टोळीत किती कोयते असतात, माणशी किती कर्ज पडतं. ती सारणी मी पाहिली होती, संशोधन सल्लागार समितीनेही पाहिली होती. कुणालाच काही खटकलं नाही. मग तिने त्यातला मजकूर सोप्या मराठीत लिहून फेसबुकवर टाकला. रात्री अकराच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या एका मुलाची कमेंट आली: “ताई, कोयता म्हणजे एक माणूस नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता म्हणतात. तुमच्या हिशेबात माणसं निम्मी झालीत आणि कर्ज दुप्पट.” थोड्या वेळाने त्यानेच आणखी एक ओळ लिहिली: “माझी आई पंधरा वर्षं ऊस तोडतेय, पण मुकादमाच्या वहीत फक्त वडिलांचं नाव आहे.”

पहिल्या कमेंटने सारणी दुरुस्त झाली. दुसरीने प्रबंधाची दिशा बदलली. उचल नवऱ्याच्या नावावर, फेड दोघांच्या अंगावर, आणि बाईच्या श्रमाची नोंद कुठेच नाही, हा प्रश्न तिच्या सिनॉप्सिसमध्ये नव्हता. तो तिला एका वाचकाने दिला. प्रबंध पूर्ण व्हायला तेव्हा तीन वर्षं बाकी होती.

पीएच.डी.च्या प्रबंधाला वाचक किती असतात? मार्गदर्शक, दोन बाहेरचे परीक्षक, आणि फार तर मौखिक परीक्षेला आलेली विभागातली चार माणसं. त्यानंतर प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो. ही सोय मोलाची आहे; पूर्वी ग्रंथालयाच्या कपाटात बंद राहणारे लाखो प्रबंध आज कुणालाही घरबसल्या पाहता येतात. पण तिथे पोचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. चूक सापडली तरी दुरुस्त करता येत नाही, नवा प्रश्न सुचला तरी विचारता येत नाही. वाचकाची खरी गरज असते ती मधल्या चार-पाच वर्षांत, आणि नेमका त्याच काळात आपला संशोधक विद्यार्थी गप्प असतो.

गप्प म्हणजे सोशल मीडियावर नसतो असं नाही. त्याच्या भिंतीवर पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) उत्तीर्ण झाल्याची बातमी असते, परिषदेतल्या सहभागाचं प्रमाणपत्र असतं, ‘माझा शोधनिबंध प्रकाशित’ अशी ओळ आणि मुखपृष्ठाचा फोटो असतो. शेवटी काळ्या बांधणीतला, सोनेरी अक्षरांचा प्रबंध हातात घेऊन आई-वडिलांसोबत काढलेलं छायाचित्र असतं. खाली दोनशे ‘हार्दिक अभिनंदन’. त्या आनंदाबद्दल मला आदर आहे. घरातली पहिली पदवी, पहिली डॉक्टरेट ही गोष्ट गावाला सांगावी अशीच असते. पण या सगळ्या प्रवासात त्याने नेमका कोणता प्रश्न हाताळला, त्याला काय सापडलं, हे त्या दोनशेपैकी किती जणांना कळतं?

याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. आपण त्यांना हेच शिकवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रकाशित करणं आणि परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं केलं. हेतू चांगला असेल. पण सक्ती आली की बाजार येतो. संशोधकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘आठ दिवसांत पेपर प्रकाशित करा, आयएसएसएन क्रमांकासह’ अशा जाहिराती रोज येऊ लागल्या. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. मग मान्यताप्राप्त नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली. २०२२ च्या नियमांनी प्रकाशनाची सक्ती उठवली आणि २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाली. नियम आले-गेले, पण सवय राहिली. पेपर वाचला जावा म्हणून न लिहिता मोजला जावा म्हणून लिहायचा, आणि तो मोजला गेला हे लोकांना कळावं म्हणून मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा. समाजमाध्यम हे काही या सवयीचं कारण नाही, ती फक्त तिथे उघडपणे दिसते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. संशोधक विद्यार्थ्याने काम चालू असतानाच आपला प्रश्न, आपली अडचण, आपली अर्धीमुर्धी सारणी लोकांपुढे ठेवावी; ती मराठीत ठेवावी; आणि मार्गदर्शकांनी व विद्यापीठांनी हा संशोधनाचाच भाग मानावा.

यात नवीन काही नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ते तेव्हा विद्यार्थी होते. पुढच्याच वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला आणि आज शंभर वर्षांनंतरही त्याला टाळून जातीवर लिहिता येत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ३१ जानेवारी १९२० ला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, तेव्हा लंडनमधलं त्यांचं शिक्षण अर्धवट राहिलेलं होतं. त्याच वर्षी ते लंडनला परतले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. झाले. प्रबंध इंग्रजीत, अर्थशास्त्राच्या जाणकारांसाठी. पाक्षिक मराठीत, ज्यांच्याविषयी आणि ज्यांच्यासाठी ते झगडत होते त्यांच्यासाठी. एकाच माणसाने एकाच काळात ही दोन्ही कामं केली. लोकांशी बोलल्याने विद्वत्ता कमी होते असं म्हणणाऱ्यांना याहून मोठं उत्तर मला ठाऊक नाही.

भाषेचा मुद्दा म्हणूनच मला कळीचा वाटतो. आपले अनेक हुशार विद्यार्थी लिंक्डइनवर आणि एक्सवर इंग्रजीत लिहितात. जगातल्या अभ्यासकांपर्यंत पोचण्यासाठी ते हवंच. कण भौतिकी किंवा बीजगणितावर काम करणाऱ्याचे वाचक जगभर विखुरलेले असतात, त्याने कुणाशी मराठीत वाद घालायचा? पण जो कोकणातल्या खाजण जमिनींवर, विदर्भातल्या कापसाच्या बोंडअळीवर, मुंबईतल्या घरकामगार बायकांवर काम करतो, त्याला दुरुस्त करू शकणारी माणसं मराठीत बोलतात, आणि ती फेसबुकवर, यूट्यूबवर, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत. अर्ध्या कोयत्याची चूक इंग्रजी नियतकालिकाच्या समीक्षकाच्या लक्षात आली असती असं मला वाटत नाही.

गाईड मंडळींच्या शंका मला माहीत आहेत, कारण त्या माझ्याही होत्या. पहिली, “कुणी चोरलं तर?” ही भीती अगदीच निराधार नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याने तर फारच जपायला हवं. आपल्या पेटंट कायद्यात नावीन्य ही मूळ अट आहे. अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला तर हक्क जाऊ शकतो. सरकारमान्य प्रदर्शन किंवा विद्वत्सभेतलं वाचन अशा मोजक्या बाबतीत कायदा बारा महिन्यांची सवलत देतो, फेसबुकची पोस्ट त्यात बसत नाही. एखाद्या रसायनाच्या संरचनेचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी गाईडला आणि विद्यापीठाच्या पेटंट विभागाला विचारायलाच हवं. पण मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांत मी उलट पाहिलंय. तारखेसह जाहीर मांडलेला विचार कुणाचा होता याला शंभर साक्षीदार असतात. बंद खोलीतल्या चर्चेत सांगितलेली कल्पना मात्र दुसऱ्याच्या पेपरात निघाली, तर विद्यार्थी कुणाकडे दाद मागणार?

दुसरी शंका कच्चेपणाची. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून ‘अर्काइव्ह’वर आपले निबंध छापून येण्याआधी ठेवत आले आहेत आणि त्याने त्या शास्त्राचं भलंच झालं. मात्र ३१ जानेवारी २०२० ला दिल्लीतल्या काही संशोधकांनी नव्या करोना विषाणूत एचआयव्हीशी ‘विलक्षण’ साम्य दिसतं, असा मसुदा ‘बायोअर्काइव्ह’वर टाकला. जगभरच्या तज्ज्ञांनी ट्विटरवर काही तासांत त्याची चिरफाड केली आणि दोन दिवसांत तो मागे घेतला गेला. खुल्या चर्चेने चूक इतक्या झपाट्याने पकडली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पण विषाणू माणसाने बनवला या अफवेला त्याने जे खाद्य पुरवलं, ते मसुद्यासोबत मागे घेता आलं नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, प्रश्न कच्चा मांडा, निष्कर्ष कच्चा मांडू नका. “मला असं दिसतंय, तुम्हाला काय दिसतं?” या वाक्याने कुणाचं नुकसान होत नाही.

खरी भीती वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंब्रिजच्या अॅली लूक्स यांनी आपला प्रबंध हातात धरून हसरा फोटो एक्सवर टाकला. विषय होता वासाचं राजकारण: आधुनिक आणि समकालीन गद्य साहित्यात वासाच्या वर्णनातून वर्ग, वंश, लिंग यांची उतरंड कशी उभी राहते. दहा कोटींहून अधिक वेळा ती पोस्ट पाहिली गेली. त्यातल्या असंख्य लोकांनी प्रबंधाचं शीर्षक वाचून पुढचं काही न वाचता त्यांची टिंगल केली, शिव्या दिल्या. बलात्काराची धमकी आली आणि पोलिसांना तपास करावा लागला. मला तेव्हा वाटलं, हा विषय आपल्याइतका कुणाला समजायला हवा? सुकट-बोंबलाच्या वासावरून जिथे सोसायटीत घर नाकारलं जातं, तिथे वासाचं राजकारण सांगायला प्रबंधाची गरज पडू नये. तरीही आपल्याकडे एखाद्या मुलीने, आणि तिचं आडनाव वाचून लोक तिची जात ठरवत असतील तर अधिकच, असा विषय जाहीर मांडला असता तर तिच्या मागे किती जण उभे राहिले असते?

पोस्ट लिहायला सांगून विद्यार्थ्याला एकटं सोडणारा मार्गदर्शक आपल्या कामात कमी पडतो. धमकी आली तर पुरावे जपून ठेवणं, सायबर पोलिसांत तक्रार देताना सोबत जाणं, विभागाच्या नावाने जाहीर पाठिंबा देणं, हे विद्यापीठाचं काम आहे. “तुला कुणी लिहायला सांगितलं होतं?” हे उत्तर एका कार्यालयात एका विद्यार्थिनीला दिलेलं मी ऐकलंय. तिने त्यानंतर काहीच लिहिलं नाही.

संशोधकाच्या हातूनही अन्याय होऊ शकतो, हेही इथेच सांगायला हवं. ऊसतोडीवर काम करणाऱ्या त्याच विद्यार्थिनीने पुढे एका फडावरच्या कोपीचा फोटो टाकला. पाचटाची भिंत, दगडांची चूल, भाकरी थापणारी बाई आणि कडेवरचं मूल. फोटो सुंदर होता, शेकडो लोकांनी तो पुढे पाठवला. चौथ्या दिवशी त्या बाईच्या भावाचा फोन आला. मुकादमाने फोटो पाहिला होता आणि विचारलं होतं, “काय काय सांगितलं बाहेर?” पुढच्या हंगामाची उचल मिळणार की नाही हे त्या प्रश्नात दडलेलं होतं. आम्ही तासाभरात फोटो काढून टाकला. पण पुढे गेलेल्या प्रती कुठून परत आणणार? संमतीपत्रावर ‘माहिती केवळ संशोधनासाठी वापरली जाईल’ असं लिहिलेलं होतं, बाईने अंगठा दिला होता तो त्या वाक्याखाली. फेसबुक त्यात नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना ते आधी वाचून दाखवायचं, त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर. चेहरा दिसणारा फोटो टाकायचाच नाही. वाचून दाखवताना अनेकदा नवीन माहिती मिळते. ‘खाडा’ म्हणजे नुसती गैरहजेरी नव्हे, आजारी पडून बसलात तरी तुमच्या हिशेबातून कापले जाणारे पैसे, हे आम्हाला असंच एका फडावर वाचन चालू असताना कळलं.

लोकांशी बोलणं विद्यार्थ्यांना जमत नाही, असंही नाही. फेलोशिपच्या प्रश्नावर आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांचा वापर किती ताकदीने केला हे आपण पाहिलंय. २०२३ मध्ये कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) दरमहा ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, त्यामागे देशभरच्या विद्यार्थ्यांचा रेटा होता. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपवरच्या विद्यार्थ्यांनी आझाद मैदानावरून आपलं म्हणणं घरोघर पोचवलं. ज्यांना हक्काचे पैसे मागताना लोकांशी बोलता येतं, त्यांना त्या पैशांतून काय शोधलं हेही सांगता येईल. ते सांगितलं तर पुढच्या वेळी ‘पीएच.डी. करून काय दिवे लावणार?’ असं कुणी सहज म्हणू शकणार नाही.

त्या ऊसतोडीच्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण ‘अर्धा कोयता’ या नावाचं आहे. ऋणनिर्देशात कमेंट करणाऱ्या त्या मुलाचे आभार आहेत, त्याच्या परवानगीने आणि त्याने सांगितलेल्या शब्दांत. तो आता स्वतः एम.ए. करतोय.

तुमच्या घरात, चाळीत, गावात कुणीतरी पीएच.डी. करत असेल. पुढच्या वेळी त्याची पोस्ट दिसली की अभिनंदन जरूर लिहा. पण त्याखाली हेही विचारा, “तुझा प्रश्न काय आहे? आम्हाला मराठीत सांग.” आणि त्याने सांगितलं, तर शेवटपर्यंत वाचा, आणि चुकलं असेल तिथे त्याला सांगा.