बुजवलेले भोक कुठे जाते?

कंट्रोल पॅनेलच्या दारावर पुश-बटनासाठी पाडलेले भोक साधारण 22.5 मिलिमीटरचे असते. ऐनवेळी नकाशा बदलतो, एक बटन कमी होते आणि दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात एक नको असलेले भोक उरते. रबाळे-महापे पट्ट्यातल्या फॅब्रिकेटरसमोर मग दोनच वाटा असतात. अख्खे दार भंगारात घालायचे, नाहीतर तेवढ्याच मापाची पोलादी चकती बसवून भोक वेल्डिंगने बुजवायचे.

चकती मिळवणे वाटते तितके सोपे नाही. होल-सॉने कापली तर तिच्या मधोमध पायलट ड्रिलचे आणखी एक भोक पडते. गोल सळईचे काप घेता येतात, पण पातळ आणि एकसारखे काप काढणे वेळखाऊ. मुंबईच्या लोखंड व्यापारासाठी सिडकोने कळंबोलीत बाजार वसवला. तिथे पोलादाचे व्यवहार टनात होतात आणि ही चकती भरते जेमतेम सहा ग्रॅम. म्हणून जाणता कारागीर पंचिंग मशीनखाली किंवा लेझरच्या टेबलाखाली साठलेला कचरा चाळतो. दुसऱ्या कुठल्या तरी पत्र्याला भोक पाडताना गळून पडलेला तुकडाच या पत्र्याचे भोक भरतो.

इथे एक विलक्षण गोष्ट आहे. पंचिंगमध्ये भोक पंचच्या मापाचे होते, तर गळालेली चकती डायच्या मापाची, म्हणजे भोकापेक्षा किंचित मोठी. लेझरने कापले तर किरणाने जाळलेल्या धातूपुरती ती लहान पडते. जे निघाले ते आपल्याच जागी जसेच्या तसे परत बसत नाही. घासावे लागते, नाहीतर फट वेल्डच्या धातूने भरावी लागते.

या भोकातूनच निघणाऱ्या एका प्रश्नावर भारतीय तर्कशास्त्राने शतकानुशतके डोके चालवले आहे. भोक म्हणजे नेमके काय? ती वस्तू आहे, की नुसते ‘नसणे’? वैशेषिकांनी जगातल्या पदार्थांचे आधी सहा वर्ग मानले. पुढे सातवा आला, तो अभाव. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात हे सात पदार्थ मांडले आहेत. या परंपरेत अभाव खराखुरा असतो आणि तो नेहमी कशाचा तरी असतो. प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नव्हते. घडा नसलेली जमीन दिसते तेव्हा नुसती जमीनच दिसते, वेगळा अभाव कुठला, असा त्यांचा सवाल होता. पण व्हर्नियर कॅलिपरने भोकाचा व्यास मोजून त्यावर चकतीचे माप ठरवणारा फिटर पाहिला की वैशेषिकांची बाजू जड वाटू लागते.

त्यांनी अभावाचे चार प्रकार केले. नाशानंतर येतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात असते, शेवट नसतो. ड्रिलने कुरतडून नेलेले पोलाद कायमचे गेले. चकती आली ती नवी. वस्तूचा एक अवयव गेला की जुनी अखंड वस्तूच नष्ट होते आणि नवी उत्पन्न होते, असे हे दर्शन सांगते. म्हणजे बुजवलेले दार हे जुने दार दुरुस्त होऊन आलेले नाही, दुसरेच दार आहे. बौद्ध विचार आणखी पुढे जातो. मिलिंद राजाला भिक्खू नागसेनाने रथाचे उदाहरण दिले: चाक, आस, दांडा यांपलीकडे रथ नावाचे वेगळे काही सापडत नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि परिसराला नागसेनाचे नाव आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हा संवाद परका नाही.

देवळांच्या परंपरेनेही जुने आणि दुरुस्त झालेले यांतला हा भेद पाळला. जीर्णोद्धारात मूर्तीला हात लावण्यापूर्वी तिच्यातले देवत्व विधिपूर्वक कलशात घेतात आणि काम झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. दुरुस्ती झाली हे तिथे लपवत नाहीत, मंत्रांनी जाहीर करतात.

कारखान्यात उलट घडते. चकतीमागे तांब्याची पट्टी धरतात, कारण तांबे उष्णता चटकन ओढून घेते आणि वेल्ड त्याला चिकटत नाही. समोरासमोर छोटे टॅक मारत, मध्ये गार होऊ देत काम केले तर पत्रा वाकत नाही. मग ग्राइंडर, फ्लॅप डिस्क आणि वरून रंग. बोट फिरवले तरी जागा कळत नाही. हे कौशल्य आदरालाच पात्र आहे.

पॅनेलच्या दारापुरती ही सफाई पुरेशी आहे. पण तीच चकती वजन पेलणाऱ्या तुळईत किंवा दाबाखालच्या टाकीत गेली, तर न दिसणे धोक्याचे ठरते. जोडाजवळचे पोलाद तापून बदललेले असते आणि पुढचा माणूस ते अखंड समजून हिशेब करतो. 1923 च्या बॉयलर कायद्याने बॉयलरच्या रचनेतील बदलासाठी मुख्य निरीक्षकाची लेखी मंजुरी बंधनकारक केली होती, ती उगीच नव्हे.

तळोजा, तुर्भे, रबाळे इथल्या वर्कशॉप-मालकांनी एवढे करावे: भार किंवा दाब सोसणाऱ्या भागातले भोक बुजवले, तर त्याची जागा, माप, वापरलेला रॉड आणि तारीख जॉब कार्डावर लिहावी, आणि त्याची एक प्रत गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी.