सगळ्यांचंच दुखतं

आषाढात भंडारा जिल्ह्यात रोवणी लागते. बांधीतला चिखल, हातात धानाचे पऱ्हे, वाकलेल्या बायांची रांग आणि मागे मागे सरकणारी पावलं. संध्याकाळी प्रत्येकीची कंबर धरलेली असते. जिथे सगळ्यांचंच दुखतं, तिथे एकीचं वेगळं दुखणं कुणाच्या लक्षात येत नाही. एंडोमेट्रिओसिस या गर्दीत वर्षानुवर्षं लपून राहतो.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढतात. अंडाशयावर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर, कधी मूत्राशयावर. दर महिन्याच्या संप्रेरकांना त्या दाद देतात. तिथे सूज येते, वण धरतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत पोट पिळवटून निघतं, शौचाला बसताना कळ येते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं, झोप घेतली तरी थकवा उतरत नाही. मूळ कारण विज्ञानाला अजून पुरतं उमगलेलं नाही. बाईच्या वागण्यात, खाण्यात किंवा पापपुण्यात ते नाही, एवढं मात्र नक्की.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननवयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना, म्हणजे जगभरात 19 कोटी जणींना हा आजार आहे. रोवणीच्या रांगेत दहा बाया असतील, तर त्यातली एखादी यांपैकी असू शकते. तिला स्वतःलाही ते माहीत नसतं.

"पाळीत सगळ्यांचंच दुखतं बाई, तुझं एकटीचंच आहे का?" असं म्हणणारी बहुतेकदा बाईच असते. आई, सासू, जाऊ. तिनेही सोसलेलं असतं. लेकीचं दुखणं खरं मानलं, तर आपलंही दुखणं खरं होतं आणि कुणीतरी तेव्हा विचारायला हवं होतं, हे मान्य करावं लागतं. ते तिला जड जातं. म्हणून मला त्या सासूचा राग येत नाही. तिचं कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच तिच्या बोलण्यातून ऐकू येतं.

सोसण्याचं कौतुक आपण फार केलं. ज्या घरात सोसणारीला शाबासकी मिळते, त्या घरात सांगणारी नखरेल ठरते.

आजाराचा पसारा आणि वेदना यांचं गणित जुळत नाही. पोटात थोड्याशाच जागी आजार असलेली बाई तळमळते, आणि बराच पसरलेला असूनही एखादीला फारसं जाणवत नाही. साध्या सोनोग्राफीत अंडाशयावरची जुन्या रक्ताची गाठ, म्हणजे चॉकलेट सिस्ट, दिसते. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे आजाराचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. मग कागदावर लिहून येतं : नॉर्मल. जिल्ह्यातल्या लाखांदूरकडच्या एखाद्या गावातून मजुरी बुडवून, बस बदलत, शंभरावर किलोमीटरवरच्या नागपूरला गेलेल्या बाईच्या हातात तो कागद पडतो. आजार सापडला असता तर ती इतकी खचली नसती. घरी येऊन ती काय सांगणार? यंत्रानेच तिला खोटं पाडलेलं असतं. इथून पुढे ती स्वतःवरच संशय घेऊ लागते, आणि माझ्या मते या आजारातली सर्वांत खोल जखम ती. नॉर्मल सोनोग्राफीने एंडोमेट्रिओसिस नाही असं ठरत नाही, हे वाक्य त्या कागदावरच छापलेलं असायला हवं.

दुखणं घराला डॉक्टरकडे नेत नाही. मूल न होणं नेतं. पुष्कळ जणींच्या आजाराचं नाव लग्नानंतर, मूल का होत नाही या तपासणीत पहिल्यांदा कळतं. तोवर शाळेतल्या पहिल्या पाळीपासूनची वर्षं गेलेली असतात. निदानाला 4 ते 12 वर्षं लागतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वर्षांत मुलीची शाळा सुटते, लग्न होतं आणि "कामचुकार" हा शिक्काही बसलेला असतो.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास आला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी स्त्रीरोगासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास एंडोमेट्रिओसिसचा नव्हता. पण 45 टक्के स्त्रियांनी आपल्याला काही त्रास आहे असं सांगितलंच नव्हतं, ही त्यातली गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. आपल्या शरीराबद्दल तक्रार करता येते, हेच बाईला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

2018 च्या महिला दिनी राज्य सरकारने अस्मिता योजना आणली. तिच्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत सॅनिटरी पॅडचं पाकीट मिळायचं. चांगलं काम. पाळी निदान शाळेत बोलली जाऊ लागली. पण बोलणं स्वच्छतेशी थांबलं. रक्ताची सोय झाली, कळेची राहिली.

शाळेबाहेर, कामावरही कळेची सोय नाही. विडी वळणारीला हजारामागे मजुरी मिळते, रोवणीवाली रोजाने किंवा गुत्त्याने जाते. पाळीच्या रजेवर दिल्लीत चर्चा होते, तेव्हा या दोघी त्या चर्चेत नसतात. त्यांची रजा म्हणजे बुडालेली मजुरी.

"पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." हा सल्ला आपल्याकडे फार लवकर दिला जातो. बीड जिल्ह्यात 2019 मध्ये शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एंडोमेट्रिओसिसमध्ये तर आजार पिशवीच्या बाहेर असतो. नुसती पिशवी काढून तो संपेलच असं नाही. काहींना पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया लागते, हे खरं. पण ती शेवटी, समजून-उमजून, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊन. तसंच "लग्न झालं की बरं होईल", "लेकरू झालं की जाईल". गरोदरपणात काहींना उतार पडतो, पुढे दुखणं परत येतं. लेकराच्या जन्मावर औषधाचं ओझं टाकू नये.

आजार मुळासकट घालवणारा उपाय आज नाही. आवरता मात्र येतो. वेदनाशामक गोळ्या, संप्रेरकांची औषधं, गरज पडल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, उपाशीपोटी मेडिकलमधून आणून गिळू नये.

मनाचं काय? या आजारात उदासी आणि चिंता अधिक आढळते. वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्था हळवी होते, पुढे थोडी कळही मोठी वाटू लागते. चिंतेने ती आणखी वाढते. याचा अर्थ दुखणं मनाचे खेळ आहेत असा कुणी काढला, तर तो अन्याय आहे. मन आणि ओटीपोट एकाच बाईचे असतात. उपचार दोन्हींवर व्हावेत.

धीर धरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. धीर कामाच्या वाटणीत असतो. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत पाण्याचे गुंड दुसऱ्या कुणी उचलावेत, हे आधीच ठरलेलं असण्यात असतो. कापडात गुंडाळलेल्या गरम विटेचा शेक घेताना कुणी तोंड वाकडं न करण्यात असतो. बरं वाटलं त्या दिवशी राहिलेलं सगळं काम एकदम न उरकण्यात असतो. ते उरकण्याच्या नादातच पुढचा दिवस हातचा जातो. आणि नवऱ्याला "आज दुखतं" एवढं सांगितल्यावर त्याने ते नकार न समजता दुखणं समजण्यात असतो. हे शेवटचं सर्वांत अवघड. नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडे जाता आलं, तर जावं. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं पुष्कळ पुरुषांना पटतं. बाईच्या तोंडून का पटू नये, हा प्रश्न मी सोडून देत नाही. पण आज तिचं दुखणं कमी होणं महत्त्वाचं.

पाळीची तारीख कालनिर्णयवर लिहायची सवय घराघरांत आहे. तिच्या बाजूला आणखी दोन गोष्टी लिहा : किती दुखलं, आणि त्या दिवशी कोणतं काम किंवा शाळा सुटली. तीन-चार महिन्यांची ती पानं डॉक्टरांसमोर ठेवा. सांगताना शब्द अडतात, लाज वाटते, वेळही कमी मिळतो, पानं बोलतात.

आशाताईंना आणि शाळेतल्या बाईंना एक विनंती. दर महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी दिसली, तर पॅडबद्दल विचाराच, पण दुखण्याबद्दलही विचारा. आणि तिने सांगितलं की आधी "खरं आहे" म्हणा, मग पुढचं. मन फारच खचलं असेल, तर टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.