वैर आणि माती

मरणाबरोबर वैर संपतें, असें आपण सहज बोलून जातों. या बोलण्यांत औदार्य आहे. पण तें कोणाचें, याचा विचार आपण क्वचितच करतों. मरणारा वैर सोडतो तें नाइलाजानें. माती दोघांनाहि पोटांत घेते ती तिला भेद कळत नाहीं म्हणून. मग श्रेय कोणाला द्यावयाचें? स्कॉटलंडांतील एडिंबरा शहराचें ग्रेफ्रायर्स चर्च आणि त्याभोंवतींची दफनभूमि यांचा इतिहास पाहतांना हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाची ही जागा राणी मेरीनें १५६२ मध्यें शहराला दफनासाठीं दिली. तेथें बांधलेलें चर्च १६२० मध्यें पुरें झालें. वास्तु साधीच, जाड दगडी भिंती आणि टोंकदार कमानी. १६३८ च्या फेब्रुवारींत याच ठिकाणीं राष्ट्रीय करारनाम्यावर सह्या झाल्या. राजा पहिला चार्ल्स यानें लादलेली उपासनापद्धति आम्हांस मान्य नाहीं, हा त्याचा आशय. या सह्यांची किंमत पुढच्या पिढीला द्यावी लागली. १६७९ मध्यें बॉथवेल ब्रिजच्या लढाईंत हरलेल्या करारपक्षीयांपैकीं शेंकडों लोक या आवारालगतच्या उघड्या मैदानांत कित्येक महिने कोंडले गेले. कांहीं तेथेंच मेले. उरलेल्यांपैकीं दोनशेंहून अधिक लोक, त्यांना वसाहतींत नेणारें जहाज ऑर्क्नी बेटांजवळ फुटल्यानें बुडाले. जे फांशीं गेले, त्यांतील कित्येकांना गुन्हेगारांसाठीं राखलेल्या कोपऱ्यांत पुरलें.

त्यांच्यावर खटले चालविणारा राजाचा मुख्य वकील सर जॉर्ज मॅकेंझी १६९१ मध्यें वारला. त्याची वर्तुळाकार, घुमटाची समाधि त्याच आवारांत आहे. लोकांनीं त्याला 'रक्तलांछित' म्हटलें. पण पुढें स्कॉटलंडचें राष्ट्रीय ग्रंथालय ज्यांतून निर्माण झालें, त्या वकिलांच्या ग्रंथालयाचा संस्थापकहि तोच. १७०६ मध्यें हुतात्म्यांचें स्मारक उभें राहिलें. आणि मॅकेंझीच्या समाधीच्या दाराशीं जाऊन त्याला बाहेर येण्याचें आव्हान देण्याचा खेळ मुलें पिढ्यान् पिढ्या खेळत राहिलीं. मरणानें वैर संपलें, असें म्हणण्यास येथें आधार कोठें आहे?

चर्चच्या भिंतीहि हेंच सांगतात. मनोऱ्यांत सांठविलेल्या शहराच्या दारूचा १७१८ मध्यें स्फोट झाला. नंतर पश्चिमेकडे इमारत वाढवून तींत दुसऱ्या उपासकमंडळाची सोय केली. एका छपराखालीं दोन मंडळें, मध्यें एक भिंत. ही भिंत वैराची नव्हती, सोयीची होती. तरी मंडळें एक होण्यास १९२९ साल उजाडावें लागलें, आणि त्यानंतरच्या जीर्णोद्धारांत ती निघाली. सोयीची भिंत दोनशें वर्षें टिकते, तर द्वेषाची आपोआप कशी पडेल? ती काळ पाडीत नाहीं. माणसांना पाडावी लागते.

पण पाडावयाचें काय आणि राखावयाचें काय, याचा विवेक हवा. करारपक्षीयांचे वारस पुढें प्रबळ झाले, तरी मॅकेंझीचा घुमट उभाच राहिला. आणि त्या घुमटाचा मान राखण्यासाठीं हुतात्म्यांच्या स्मारकावरील शब्दहि कोणी सौम्य केले नाहींत. याला क्षमा म्हणावें कीं नाहीं, मला सांगतां येणार नाहीं. विस्मृति मात्र ही खास नव्हे. अपराध विसरून केलेली क्षमा मातीच्या समतेसारखीच आंधळी असते. अपराध्याचें नांव वाचतां येत असूनहि त्याचा दगड न फोडणें, हें जिवंत माणसांनाच साधतें. म्हणून त्याचें श्रेय मरणाला देऊं नये.