माझ्या समक्ष

२०११ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा वसईकडील एका धर्मग्रामात होतो. रात्री नऊच्या सुमारास आमच्या युवक मंडळातला एक मुलगा भिजत दारात उभा राहिला. "फादर, जास्त वेळ घेत नाही. पाप आहे की नाही, एवढेच सांगा," तो म्हणाला. धर्मगुरूला असे प्रश्न नवे नसतात. परंतु त्या रात्रीचा प्रश्न मला अद्याप सुटलेला नाही, म्हणून तो वाचकांपुढे मांडतो.

हा तरुण एका कंत्राटदाराच्या कचेरीत कारकून होता. एका सरकारी रुग्णालयाच्या साफसफाईचे कंत्राट त्या कंत्राटदाराकडे होते आणि त्यावर ३४ स्त्रिया काम करीत होत्या. कंत्राटाच्या अटी पाळल्या जातात की नाही याची तपासणी आठ दिवसांनी होणार असल्याचे पत्र आले होते. हजेरीपट, वेतनपत्रक, भविष्य निर्वाह निधीची चलने, ओळखपत्रे, सारे मांडून ठेवायचे होते. बहुतेक कागद तयार होते. दोनच गोष्टींची उणीव होती.

१९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियमात एक मार्मिक तरतूद होती. कंत्राटदार पगार वाटीत असताना मूळ मालकाचा, म्हणजे ज्याच्या आस्थापनेत काम चालते त्याचा, अधिकृत प्रतिनिधी तेथे हजर असला पाहिजे. आणि ही रक्कम आपल्या समक्ष दिली गेली असे त्याने वेतनपत्रकाखाली स्वाक्षरीनिशी लिहून द्यायचे. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो चुकता करण्याची जबाबदारीही मूळ मालकावरच येई. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. निरीक्षकाच्या पदनामाला आता 'साह्यकर्ता' अशा अर्थाची जोड मिळाली आहे. त्याने काय पालटते ते काळच सांगेल.) रुग्णालयाचा प्रतिनिधी अकरा महिन्यांत एकदाही पगारवाटपाला आला नव्हता. आता एका दुपारी बसून तो अकरा सह्या करून देणार होता, प्रत्येक सही त्या त्या महिन्याच्या तारखेची.

दुसरी उणीव अधिक जड होती. माणसे अपुरी म्हणून कित्येक महिने या स्त्रियांना आठवड्याची सुट्टी मिळाली नव्हती. जुना हजेरीपट बाजूला ठेवून नवा लिहायचा, त्यात दर आठवड्याला सुट्टीची खूण करायची आणि त्यावर स्त्रियांच्या सह्या-अंगठे घ्यायचे, असे ठरले होते.

"पगार तर खरोखरच दिला आहे ना, फादर? मग सही आज केली काय आणि तेव्हा केली काय! आणि तपासणीत नापास झालो तर कंत्राट जाईल. चौतीस घरांच्या चुली विझतील," तो म्हणाला.

सेमिनरीत आम्हांला असत्याचे प्रकार शिकवले होते. संत ऑगस्टीनने आठ मोजले, संत थॉमस अक्वायनसने तीन गटांत बसवले: अपकार करणारे, विनोदाचे आणि कोणाच्या तरी उपयोगी पडणारे. हे शेवटचे असत्य लहान, पण असत्यच, असा त्यांचा निर्णय. परीक्षेत मी ते बिनचूक लिहिले होते. समोर भिजलेला मुलगा बसलेला असताना मात्र ते उत्तर ओठांवर येईना.

पहिले कारण असे की, तपासणीची तयारी करणे यात स्वतःहून काहीच वावगे नाही. पाहुणे येणार म्हणून घर झाडणारी गृहिणी ढोंगी नसते. बिशपांच्या भेटीपूर्वी आम्हीही धर्मग्रामाच्या नोंदवह्या काढून बसतो, कारण त्या तपासण्याचा त्यांना अधिकार व कर्तव्य आहे. एकदा अशाच रात्री, एका बालकाच्या बाप्तिस्म्याची नोंद वहीत चढवायची राहून गेल्याचे ध्यानी येऊन मला घाम फुटला होता. टाचणाच्या चिठ्ठीवरून मी ती नोंद केली. बाप्तिस्मा झाला होता, तारीख खरी होती, पाणी मीच ओतले होते. नोंद उशिरा झाली, खोटी झाली नाही. तेव्हा, वर्षभराचे सत्य आठ दिवसांत लिहून काढणे हा आळसाचा दोष म्हणता येईल, त्याहून अधिक नव्हे.

पण त्या अकरा सह्यांचे तसे नव्हते. 'माझ्या समक्ष' हे शब्द पैशाविषयी नाहीत, ते सही करणाऱ्या माणसाविषयी आहेत. पैसे दिले गेले हे खरे. हा माणूस तेथे होता हे खोटे. कायद्याला नुसती रक्कम पोहोचायला नको होती. गरीब बाईच्या तळहातावर तिची मजुरी पडते तेव्हा बलवान पक्षाचे दोन डोळे तेथे असावेत, अशी त्याची इच्छा होती. त्या डोळ्यांऐवजी शाई ठेवली की तरतुदीचा प्राणच जातो. आमच्या संस्थांतूनही अशा सह्या होतात, हे येथे नमूद केले नाही तर मी अप्रामाणिक ठरेन.

हजेरीपटाविषयी तर संशयाला जागाच नव्हती. सुट्टी न देता त्या स्त्रियांचा दिवस एकदा घेतलाच होता. आता तो कागदावरूनही घेतला जाणार होता, आणि तोही त्यांच्याच अंगठ्याने. सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाचा मोबदला कोणी उद्या मागू लागली, तर तिची स्वतःची सही तिच्याविरुद्ध साक्ष देणार होती. लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभाऱ्यालाही हिशेब द्यायचा होता. त्यानेही घाईघाईने कागद बदलले, शंभरांचे पन्नास केले, शंभरांचे ऐंशी केले. पण त्याने देणेकऱ्यांचे ओझे हलके केले होते. येथे ज्यांचे येणे होते त्यांच्याच खात्यातून वजा होत होते.

त्या स्त्रियांपैकी एक आमच्याच धर्मग्रामातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेनंतर मी तिला विचारले. ती म्हणाली, "सही मागच्या तारखेची मागतात, फादर. मग सुट्टीपण मागच्या तारखेची देणार काय?"

ती शाळेत फारशी गेलेली नव्हती. पण नीतिशास्त्राच्या माझ्या सगळ्या टिपणांपेक्षा तिचा प्रश्न नेमका होता. तपासणी कोणापुढे, हाच मूळ मुद्दा आहे. आपण गृहीत धरतो की ती साहेबापुढे. राजस्थानात, पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे, मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांच्या नोंदी गावापुढे मोठ्याने वाचल्या गेल्या, आणि कचेरीत बिनबोभाट मंजूर झालेला खोटेपणा गावकऱ्यांच्या कानांवर पडताच उघडा पडला. साहेबाला कागदाशी कागद ताडून पाहता येतो. त्या दिवशी आपण कोठे होतो हे मजुरालाच ठाऊक. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

आणि कागदाला तुच्छ लेखण्याचीही सोय नाही. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. वर्षानुवर्षे त्यांनी या शहराचा कचरा उचलला होता. तरीही निकालानंतर कित्येकांची नेमणूक नावाच्या स्पेलिंगमधील फरकापायी अडकून पडली. कारकुनाच्या लेखी जी किरकोळ चूक, ती कामगाराच्या लेखी सबंध आयुष्याची साक्ष. हजेरीपट मालकाच्या कपाटात असतो खरा, पण त्यातली ओळ जिच्या नावाची आहे, तिचीच ती मालमत्ता आहे असे मला वाटते.

मी त्या तरुणाला सांगितले की जुनाच हजेरीपट पुढे ठेव. जेथे सह्या नाहीत तेथे, प्रतिनिधी उपस्थित नव्हता, असे आजच्या तारखेने लिही. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "माझी नोकरी जाईल, फादर." मी म्हणालो, "जाऊ शकेल, बाळा." याहून शूर असे मला काही सुचले नाही.

त्याने तसेच केले. मालकाला कसे पटवले ते त्याने मला कधी सांगितले नाही. कंत्राट रद्द झाले नाही. नोटीस निघाली, खुलासे मागवले गेले, आणि खुलासे होईपर्यंत कंत्राटदाराचे बिल थांबले. कायद्याप्रमाणे रुग्णालयाने पगार द्यायला हवा होता. रुग्णालयाने वरिष्ठांकडे लिहिले. दोन महिने ३४ स्त्रियांना काही मिळाले नाही. त्यानंतर आठवड्याची सुट्टी सुरू झाली, मागच्या सुट्ट्यांचे पैसे मात्र अर्धेच हाती आले.

त्या दोन महिन्यांत आमच्या संत विन्सेंट दि पॉल मंडळाने काही घरी तांदूळ पोहोचवले. मला प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईकडे मी स्वतः गेलो. तिने पिशवी घेतली, मला पाट दिला, चहा केला. बोलण्याच्या ओघात ती सहज म्हणाली, "तुम्ही सांगितलंत ते खरंच होतं, फादर. पण आमाला अगोदर कोणी विचारलं नाय." मी तिला विचारले होते, पण ते त्या मुलाला काय सांगायचे हे मनाशी ठरवून झाल्यावर. दोन महिने पगार अडला तर तुम्ही कसे भागवाल, हे मी तिला विचारले नव्हते.